दळवीकाकांचं रान

वांगणीच्या वरच्या अंगाला, आमच्या पाड्यात, आमचं घर कुडाचं होतं आणि घरात शाळेत गेलेलं एकही माणूस नव्हतं. आई रानभाज्या आणि पळसाची पानं घेऊन अंबरनाथच्या बाजारात बसायची. माल खपला नाही तर रात्री भाताऐवजी पेज. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसून अभ्यास करायचे. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

त्या पोत्यासमोर एक दिवस एक उंच, वाळका म्हातारा येऊन उकिडवा बसला. भाजी घ्यायला नाही. पिशवीतून त्याने एक जाड वही काढली, आईपुढे उघडली आणि विचारलं, "बाई, हे झाड उन्हात ठेवू की सावलीत?"

वहीत टपाल तिकिटं होती.

हे दळवीकाका. काडेपेटीच्या कारखान्यात ओंडके सोलायच्या मशीनवर होते. "पस्तीस वर्षं झाडं सोलली," ते म्हणायचे, "आता चिकटवतोय." जमवायचे फक्त झाडाझुडपांची तिकिटं. राजे, पुढारी, विमानं, क्रिकेट, काही नको. कुणी हौसेने मोराचं तिकीट दिलं तर विचारायचे, "बसलाय कशावर?" फांदी असली तर ठेवून घ्यायचे.

त्यांची वही देशांप्रमाणे किंवा सालाप्रमाणे लावलेली नव्हती. ती रानासारखी लावलेली होती. वडाला आख्खं पान, कारण "पुढे पसरेल." चिनार अगदी शेवटच्या पानावर, कारण "थंड हवेतला आहे, बहाव्याशेजारी करपेल." दुसरं कुणी हसलं असतं. माझ्या आईने वही गुडघ्यावर घेतली आणि सर्पगंधेच्या तिकिटावर बोट ठेवलं.

"हिला उघड्यावर कशाला लावली? मरंल ना ती. झाडाखाली घाला."

"कुठल्या?"

"ह्या वडाच्या घाला की. एवढा मोठा कशाला हाय?"

काकांनी भर बाजारात चिमट्याने सर्पगंधा उचलली आणि वडाखाली नेली. आईने मान हलवली. तेव्हापासून दर शनिवारी हाक यायची, "सोनाबाई, रान बघता का?" आणि गिऱ्हाईक उभं ठेवून आई रान बघायची.

काका एकटेच राहायचे. त्यांना पत्र लिहिणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तिकिटं दुसऱ्यांच्या पत्रांवरची. उल्हासनगरच्या एका सिंधी रद्दीवाल्याकडे ते तासन्‌तास पाकिटांचे कोपरे कापत बसायचे. शेटजी वैतागायचा, "अरे साईं, पूरा बोरा ले जाओ ना! कोना काहे को काटते हो?" काका म्हणायचे, "झाड मुळासकट काढावं लागतं, शेट." मग ते कोपरे घरी जेवायच्या ताटात भिजत. ताट एकच होतं. तिकिटं सुटेपर्यंत जेवण लांबायचं.

पण वहीतली खरी इस्टेट म्हणजे दोन पानं कोऱ्या, पोस्टातून विकत घेतलेल्या तिकिटांची. पळस, कांचन, वायवर्ण, पिंपळ अशी कितीतरी. एकावरही पोस्टाचा शिक्का नाही, मागचा डिंक शाबूत. त्या पानांना आईलाही हात लावायची परवानगी नव्हती. "कोऱ्या तिकिटाला थुंकी लावणाऱ्याला मी दारात उभा करत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी बारावी पास झाले. पुण्याच्या एका कॉलेजात वसतिगृहासकट जागा मिळणार होती, फक्त अर्ज पोस्टाने पाठवायचा आणि त्यावर शेवटच्या तारखेच्या आतला शिक्का हवा. माझा एक दाखला नेमका शेवटच्या दिवशी हातात आला. शनिवार होता. मी पोस्टात पोचले तेव्हा काउंटर बंद. बाहेरच्या लाल पेटीतलं टपाल काढायला माणूस यायचा होता, पण माझ्याकडे तिकीट कुठलं? पाकीट तर दाखल्यांनी विटेएवढं जड. मी रडत बाजारात आईकडे आले. काका तिथेच वही उघडून बसले होते.

मी आईला सांगत होते ते त्यांनी ऐकलं. पाकीट हातात तोललं. मग कोऱ्या तिकिटांचं पान उघडलं आणि पळस जिभेला लावला.

"काका, अहो, कोरी आहेत!"

"मला दिसतंय. तू पत्ता लिही."

जुनी तिकिटं, पैशांतल्या किमतीची. पुरेनात. दोन्ही पानं रिकामी झाली. पाकीट इतकं भरलं की माझा पत्ता मधोमध, दाट झाडीत झोपडी असावी तसा राहिला. काकांची जीभ डिंकाने वळेना. तसेच ते माझ्याबरोबर पेटीपाशी धावले.

टपालवाला पाकीट बघून हसला. "काका, हे पत्र आहे का जंगल?"

"शिक्का नीट मारायला सांग," काका म्हणाले. "सगळ्यांवर. तारीख वाचता आली पाहिजे."

आयुष्यभर कोरी जपलेली तिकिटं, आणि हा माणूस शिक्का मागत होता.

तीन वर्षांनी पदवी घेऊन मी आणि आई त्यांच्या खोलीवर गेलो. वहीतली ती दोन पानं तशीच होती. प्रत्येक झाडाच्या जागी पेन्सिलीची चौकट, खाली नाव, आणि नावापुढे बारीक अक्षरात: 'मुक्काम, सोनाबाईची मुलगी, पुणे.'

काकांनी प्रमाणपत्र उजेडात धरलं. माझं नाव नाही, आधी विद्यापीठाचा शिक्का बघितला. त्यावरून अंगठा फिरवला.

"स्वच्छ बसलाय," म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "झेरॉक्स देशील एक?"

मी दिली. त्यांनी ती घडी घालून त्या दोन पानांच्या मधोमध बसवली. आईने वही खिडकीकडे तिरकी धरून पाहिली.

"ऊन बरोबर येतंय," ती म्हणाली. "राहू द्या इथंच."

मी बी.ए. झाले. आमच्या पाड्यातली पहिली.