कानावर क्लिक

रंगाभाऊंनी आमच्या शेजारच्या देशमुखांच्या सासूबाईंना कमळातून बाहेर काढलं, तेव्हाच मी ओळखलं की या माणसाच्या हातात यंत्र देणं धोक्याचं आहे. लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरानवरी बदामात दिसतात, ते आपण समजू शकतो. पण म्हाताऱ्या सासूबाई पाकळ्या बाजूला सारत उगवतात आणि कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, "पहिली पंगत उठली का?" असं फक्त रंगाभाऊंच्या शूटिंगमध्येच व्हायचं.

संगमनेरात आम्ही वर राहत होतो आणि खाली त्यांचं दुकान. नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर आणला आणि पाटी बदलली: 'रंगनाथ मल्टिमीडिया. शूटिंग, फोटो व जोडणी.' जोडणी कशाची, ते कुणाला कळेना. एक जण तर पाण्याची मोटर घेऊन आला. रंगाभाऊंनी त्याला चहा पाजला आणि त्याचाच फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घातला.

कारण जोडणी होती ती माणसांची. तालुक्यातल्या लग्नांचे फोटो त्यांनी वेबसाइटवर चढवायला घेतले होते. फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्यावर क्लिक करायची सोय केली होती. एकदा मला कॉम्प्युटरसमोर बसवून म्हणाले,

"सर, ह्या मावशीवर बाण न्या. दाबा आता. गेलो का न्हाई कोपरगावला? हे त्यांच्या पोरीचं लगीन. आता ह्या फेटेवाल्याला दाबा. हे बघा, डायरेक्ट नेवाशात!"

संगणकात सगळ्यांचे कप्पे नात्यांनी लावलेले. आत्या वेगळ्या, मामा वेगळे आणि 'रुसलेले' नावाचा एक मोठा कप्पा वेगळा. प्रत्येक लग्नात कोणीतरी रुसतंच, म्हणून त्यांना जागा आधीच करून ठेवलेली. एकदा बांधावरून भांडलेले साडू तणतणत आले, "आमचं बोलणं न्हाई, काढा त्याला माझ्या फोटोतून!" रंगाभाऊ शांतपणे म्हणाले, "बोलणं तुमी बंद केलं. जोडणी माझी हाय, ती चालू ऱ्हाईल."

मी शाळामास्तर. मला या उद्योगाचा उपयोग कळत नव्हता, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगतही होतो. पुढे आमच्या मुलीचं, मीनलचं लग्न ठरलं.

मुलगा चांगला होता, संदीपराव, कृषी खात्यात. सगळं जुळलं आणि नेमका तिचा भाऊ, आमचा नितीन, अडकला. तो सिंगापूरला नोकरीला लागून थोडेच दिवस झालेले, रजा मिळेना. त्यामुळे अडली ती कानपिळी. नवरीच्या भावाने भर मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा, म्हणजे बहिणीला नीट सांभाळ, मागे मी आहे, हे त्याला वेळेवर कळतं. भाऊ नसला की चुलतभावाला उभं करतात. पण मीनल हटून बसली. "दादाच्या जागेवर दुसरं कोणी नको. नाहीतर तो विधीच नको." लहानपणी दादाशिवाय शाळेत न जाणारी मुलगी. ती रडायला लागली. लग्नघरात कोणी गाणं म्हणेना झालं.

रंगाभाऊ पत्रिका बघायला वर आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "पोरी, डोळे पूस. तुझ्या दादाला मांडवाला जोडून देतो."

हळदीच्या दिवशी त्यांनी संदीपरावांना कोपऱ्यात नेऊन माइकसमोर "आई गं!" असं ओरडायला लावलं. बिचारे सरकारी नोकर, फार हळू ओरडले. "साहेब, कान पिळलाय, अर्ज न्हाई दिला," असं म्हणत रंगाभाऊंनी त्यांच्याकडून मनासारखी किंकाळी काढून घेतली.

लग्नाच्या दिवशी त्यांचा कॉम्प्युटर टेम्पोतून मंगल कार्यालयात आला आणि मॅनेजरच्या खोलीत, जिलबीच्या पराती सरकवून, फोनला जोडला गेला. अक्षता पडल्या. पुण्याहून मागून आणलेल्या, फ्लॉपीत फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याने रंगाभाऊंनी संदीपरावांच्या उजव्या कानाचा फोटो काढला आणि धोतर सावरत खोलीकडे पळाले. तिकडे नितीनने त्या कानावर क्लिक केलं की संदीपरावांची किंकाळी ऐकू येणार, आणि मग त्याने मेल पाठवायची, अशी योजना होती. मोडेम किंचाळलं, इंटरनेटसाठी नाशिकला फोन लागला, फोटो निघाला.

आणि मध्येच फोन तुटला. त्याच लाइनचा दुसरा फोन स्वयंपाकघरात होता. आचाऱ्याने दूध मागवायला तो उचलला होता. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. या वेळी कुणाला तरी रिक्षा हवी होती. इकडे गुरुजी लाह्यांचं सूप पुढे करून बसलेले, "यजमान, कानपिळी करायची की पुढे जाऊ?" मीनलने मान खाली घातली ती वर करेना. "थांबा जरा," म्हणत मी मॅनेजरच्या खोलीकडे धावलो.

आमच्या बहिणीचे यजमान सकाळपासून, फेटा नीट बांधला नाही म्हणून, खुर्ची फिरवून बसले होते. रंगाभाऊंनी त्यांनाच जाऊन हात जोडले. "दाजी, लई मोठी जबाबदारी हाय. दुसऱ्या कुणाला जमायची न्हाई. स्वयंपाकघरातल्या फोनला कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई." भावजी उठले आणि फोनसमोर असे काही उभे राहिले की आचारी दुधासाठी सायकलवरून गेला.

तिसऱ्यांदा फोटो गेला. आम्ही कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभे. मग मेल आली. इंग्रजी अक्षरांत मराठी, पण मला ती देवनागरीसारखी सरळ दिसली. रंगाभाऊंनी कागदावर उतरवलीसुद्धा नाही, माझ्यापुढे पळत मांडवात आले आणि गुरुजींचा माइक हिसकून ओरडले, "सिंगापूरहून नितीन म्हणतोय, कान पिळला! भाऊजी लई जोरात ओरडले! मिनूला म्हणावं, मी आलोय, रडू नको!"

सगळा मांडव उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, सनईवाल्याने तर मध्येच सूर धरला. मीनल हसत होती आणि रडत होती. मी रंगाभाऊंना मिठी मारली. त्यांच्या उद्योगाबद्दल मी जे काही बोललो होतो, ते सगळं मी त्या मिठीत परत घेतलं.

गुरुजी मात्र नियमाचे पक्के. म्हणाले, "ते झालं सिंगापूरचं. इथे प्रत्यक्ष हात लावायला कोणीतरी पाहिजे." चुलतभाऊ पुढे सरसावले. मीनलने डोळे पुसले आणि म्हणाली, "रंगाभाऊ लावतील."

रंगाभाऊ जागेवरच थांबले. मी त्यांना हाताला धरून बोहल्यापर्यंत आणलं. त्यांनी संदीपरावांच्या कानाला दोन बोटं लावली आणि तशीच ठेवली. उभ्या आयुष्यात शेकडो कानपिळ्यांचं शूटिंग केलेला माणूस माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सर, मला बहीण न्हाई. किती जोरात पिळायचा असतो?"

"जोरात पिळा," मी म्हणालो. "मुलगी आपली आहे."

मग त्यांनी पिळला. मांडव हसला, गुरुजी पुढच्या मंत्राला लागले, तरी त्यांच्या चिमटीतून कान काही सुटेना. रंगाभाऊंच्याच डोळ्यांतून धारा लागलेल्या. शेवटी मीनलनेच त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"भाऊ, सोडा आता. कळलंय त्यांना."