डिस्क जोडली आणि प्रबंध गेला

"आता घराला आग लागली तरी तुझा प्रबंध सुरक्षित!" जावईबापूंनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, त्याला तीन महिने झाले होते. ते सासरीच राहत आणि तिथल्या जुन्या संगणकावर लिनक्स त्यांनीच हौसेनं बसवलं होतं. बाहेरून जोडायच्या डिस्कसाठी त्यांनी 'तिजोरी' नावाचा फोल्डर केला, संगणक सुरू झाला की डिस्क आपोआप तिथे उघडेल अशी ओळ सेटिंगमध्ये लिहिली आणि बजावलं, "जे लिहिशील ते तिजोरीत ठेव."

बायकोनं ठेवलं. दोनशे दहा पानं!

प्रबंध द्यायच्या दिवशी दुपारी जावईबापूंनी सहज संगणकामागे डोकावलं. डिस्कची वायर लोंबकळत होती. त्यांनी ती खोचली, संगणक पुन्हा सुरू केला आणि ऐटीत तिजोरी उघडली. आत चिटपाखरू नव्हतं.

"अहो, माझा प्रबंध कुठाय?"

"आहे ना! म्हणजे... असायला हवा."

"पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होते! तीन वर्षं घासलीयत मी!" तिला रडूच फुटलं.

हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम त्यांनी डिस्कवर दोन तास चालवला. सापडलं काय, तर मिक्सरचं माहितीपत्रक. शेवटी संगणक बंद करून ते म्हणाले, "मन घट्ट कर."

तेवढ्यात सासूबाई मोबाइल घेऊन आल्या. "ही डबी काढते हं, फोन चार्ज करायचाय. मागेही मीच काढली होती, काही बिघडलं नाही." त्यांनी डिस्क उपटली, फोन खोचला आणि संगणक चालू केला. बायकोनं नाक पुसत तिजोरी उघडली.

"अगंबाई! इथेच तर आहे!"

जावईबापूंच्या डोक्यात उजेड पडला. डिस्क नसताना तिजोरी हा संगणकातलाच साधा फोल्डर होता आणि प्रबंध त्यात साठत होता. आज डिस्क जोडली, ती झाकणासारखी त्यावर बसली आणि खालचं दिसेनासं झालं.

"म्हणजे तीन महिने प्रबंध ह्याच खटाऱ्यात होता?"

"हो."

"आणि घराला आग लागली असती तर?"

जावईबापू चष्मा पुसायला लागले.

चारला पानं छापून झाली. पंख्याच्या वाऱ्यानं ती उडू लागली, तशी सासूबाईंनी डिस्क उचलून पानांवर ठेवली. प्रबंध सांभाळायचं काम डिस्कनं त्या दिवशी पहिल्यांदाच केलं.