साळवेकाकांच्या बारा वाट्या

गारखेड्यातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये रविवारी दुपारी चारच्या सुमारास जिन्यातून खणखणीत आवाज घुमतो. “तिसरा मजला, मास्तर! पेरूची वाटी लागलेली आहे! ताबडतोब येऊन घ्यावी!”

हे तळमजल्यावरचे साळवेकाका. कन्नडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांनी जन्मभर गाड्या पुकारल्या. रिटायर झाल्यावर गाड्या उरल्या नाहीत, म्हणून क्रंबल पुकारतात.

क्रंबल म्हणजे खाली गुळात घोळलेली फळं आणि वर भाजलेला खुसखुशीत चुरा. पुण्याच्या लेकीनं ओव्हन पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर शिकवलं. तिच्या कृतीत मैदा होता. काकांनी तो बिनतिकिटाच्या प्रवाशासारखा पहिल्याच दिवशी उतरवला आणि ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट चढवलं. एकदा सीताफळाचा प्रयोगही झाला. कडूजहर! काका म्हणाले, “फळ चांगलं व्हतं, रूट चुकला.”

लेक म्हणायची, बाबा, एकाच मोठ्या भांड्यात करा, किती हा व्याप! काका कसले ऐकतात. “ज्याची त्याची वाटी. भांडण नाय.” स्टीलच्या बारा वाट्या, प्रत्येकीवर ‘सौ. सुमन साळवे’ असं नाव टोचलेलं. सुमनकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली. याच वाट्यांतून त्या आम्हाला हुरडा पाठवायच्या, उन्हाळ्यात कैरीचा तक्कू. आता शेजारच्या देशमुखांच्या वाटीत गूळ नावापुरता, कारण शुगर. आमच्या हिच्या वाटीत चुरा जास्त, कारण तिला आवडतो. माझ्या वाटीत दालचिनी, जी मला मुळीच आवडत नाही. “मास्तर, पोरांवर वरडून तुमचा घसा बसतो. खा गुमान.”

इथवर सगळं गोड. पण सोमवारपासून छळ सुरू व्हायचा. मी स्कूटर काढली की खिडकीतून, “मास्तर, वाटी?” भाजीला निघालो की, “तीन नंबरची वाटी लेट हाय!” बरं, वाटी रिकामी कशी परत करायची? ही तीत कधी वरण, कधी मेथीची भाजी घालून मला खाली पिटाळायची. गेलं की काका बसवून घेत आणि तीच ती गोष्ट सांगत माझा तासभर मोडत. घाटात अडकलेली गाडी, त्यातलं उपाशी वऱ्हाड, आणि त्या अख्ख्या वऱ्हाडाला घरी बोलावून काकूंनी वाढलेलं पिठलं. दर आठवड्याला तेच वऱ्हाड, तेच पिठलं.

शेवटी मी डोकं चालवलं. गुलमंडीवरून फॉइलचे शंभर कप आणून त्यांच्यापुढे ठेवले. “काका, खायचं आणि टाकायचं. वाट्यांची कटकटच नको.”

काकांनी एक कप उलटासुलटा करून पाहिला. “झकास हायत,” म्हणाले. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

तीन रविवार कपांतून क्रंबल आलं. चौथ्या रविवारी पुकाराच झाला नाही. मी खाली गेलो. दार सताड उघडं, ओव्हन थंड. बाराही वाट्या टेबलावर पालथ्या घालून काका समोर बसले होते.

“तब्येत बरी नाही का, काका?”

“तब्येतीला काय धाड भरलीय. कप लई चांगलेत, मास्तर. पन ते परत येत नायत.” मग वाट्यांकडे बघत म्हणाले, “सुमन व्हती तवा दिवसभर घरात मान्सं. मी आपला ड्युटीवर. ती गेली न् समजलं, मला हितं कुनी वळखतच नाय. मग तिच्या वाट्या फिरवल्या, तशी मान्सं यायला लागली. तीन हप्ते झाले, कुनी आलं नाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरण, मेथी, वऱ्हाड, पिठलं, सगळं एकदम आठवलं.

“काका, ते कप गळतात,” मी धडधडीत खोटं बोललो. “हिची चांगली साडी खराब झाली. आम्हाला आपली वाटीच द्या.”

“मंग आधी नाय का सांगायचं?” काका उठले आणि पेरू चिरायला घेतले.

आता आमची वाटी सोमवारी परत जात नाही. धुऊन, पुसून मी ती मुद्दाम ओट्यावर ठेवून देतो. मंगळवारी काका तीन जिने चढून दारात उभे राहतात. “मास्तर, वाटी लेट हाय.” ही चहा टाकते. काका बसतात, वऱ्हाड पुन्हा घाटात अडकतं. जाताना ते वाटी न्यायची विसरतात. मीही आठवण करून देत नाही. बुधवारी ती भरून मी खाली जातो.