भिंतीला नेसवलेलं लुगडं

चारुलतेच्या आईला मुलाची खोली बघायची आहे, असा निरोप आला आणि सुरेंद्रला पहिल्यांदाच भिंत दिसायला लागली.

तशी ती भिंत दोन वर्षं त्याच्यासमोरच होती. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागल्यापासून तो चिमाजीअण्णांच्या खोल्यांपैकी एकीत राहत होता. जमीन वसाहतीत गेल्यावर अण्णांनी उरलेल्या तुकड्यावर ओळीनं आठ खोल्या बांधल्या होत्या आणि आता ज्वारीऐवजी भाडेकरू पिकवत होते. पण भिंत बघायला सुरेंद्रला सवड कुठली? आता मात्र ती त्याला जेवताना दिसू लागली, दाढी करताना आरशात दिसू लागली, आणि कंपनीत माल तपासताना डोळ्यांसमोर येऊ लागली.

कारण भिंतीच्या मधोमध तेलाचा एक मोठा गोल होता. बसलेल्या माणसाचं डोकं जिथं टेकतं, बरोब्बर त्या उंचीवर. हा गोल भीमराजचा. भीमराज परभणीकडचा, कंपनीत लेथवरचा टर्नर आणि खोलीतला भागीदार. अंघोळ झाली की डोक्याला ओंजळभर तेल चोपडून तो भिंतीला टेके आणि शिफ्टची वेळ होईपर्यंत उठत नसे. गोलाशेजारी स्टोच्या धुरानं काढलेला काळा पट्टा होता, तो थेट छतापर्यंत गेला होता.

"भिंत कोण बघतंय?" भीमराज टेकल्या टेकल्या म्हणाला. "पोरीची माय आली की पोराकडं बघल. कामून एवढा घाबरायलास?"

"तू आधी उठ तिथनं!"

सुरेंद्र मुळातच चुळबुळ्या. बसला तर पाय हलायचा, उभा राहिला तर खिशातल्या किल्ल्या वाजायच्या. त्यात त्याची नोकरी तपासणी खात्यातली. केसाएवढा फरक दिसला तरी लोकांचा माल नापास करायचा, हेच काम. ही भिंत कंपनीत आली असती तर त्यानं तिच्यावर लाल खूण करून ती बाजूला काढून ठेवली असती. पण भिंत बाजूला काढता येत नाही. आणि चारुलता त्याला आवडली होती. चिंचवडला तिला बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी देताना ती हळूच म्हणाली होती, "मिठाचा अंदाज माझा नाही, आईचा आहे." त्या एका वाक्यावर सुरेंद्र विरघळला होता. आता तिच्या आईनं ह्या तेलाच्या गोलावरून नकार दिला, तर ते त्याला जन्मभर खुपलं असतं.

चित्र, कॅलेंडर, तोरण, काहीही लावून गोल झाकता आला असता. पण खोली देतानाच चिमाजीअण्णांनी सांगून ठेवलं होतं, "भितीला खिळा न्हाई मारायचा. चार इंची भित हाय. हिकडनं हाणला का तिकडं निघतोय." मागं एकानं घड्याळासाठी खिळा ठोकला, तो पलीकडं टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीत घुसला, असं अण्णा छातीवर हात ठेवून सांगत. शिवाय खोली हवी असणारे लोक रोज दारात येऊन विचारून जायचे. अण्णा बिघडले की बिऱ्हाड रस्त्यावर.

पाहुणे गुरुवारी संध्याकाळी येणार होते. कारखान्यांची सुट्टी गुरुवारची आणि चारुलतेची शाळा सकाळची, त्यामुळे तो वार सगळ्यांना सोयीचा. सुरेंद्रनं त्या दिवशी उजाडताच बाजारातून रंगीत घोटीव कागद आणले. लाल, पिवळे, जांभळे. पोलादी पट्टीनं मोजून त्यानं त्याचे शंकरपाळे कापले. भीमराजनं स्टोवर कणकेची खळ शिजवली. ती ढवळताना त्याच्या पँटीवर सांडली, म्हणून पँट धुऊन बाहेर वाळत गेली आणि तो पंचा गुंडाळून कामाला लागला. दोघांनी मिळून भिंतभर शंकरपाळे चिकटवले. तेलाचा गोल गेला, धुराचा पट्टा गेला. सुरेंद्र दारापाशी जाऊन डोळे बारीक करून बघू लागला.

"कसं दिसतंय?"

"सर्कशीचा तंबू दिसायलाय," भीमराज म्हणाला. "पण झ्याक."

सुरेंद्रला जरा कुठे बरं वाटलं. त्यानं भाताचं आधण ठेवलं. तेवढ्यात मागं कसलासा आवाज झाला. बघतो तर एक लाल शंकरपाळा जमिनीवर. उचलायला वाकला तर दुसरा पडला. खळ वाळत होती, कागद आक्रसत होते आणि सुटताना एकटे सुटत नव्हते, चुन्याचा पापुद्रा बरोबर घेऊन येत होते. चुन्याखाली मागल्या साली मारलेला निळा रंग होता, त्याच्याखाली त्याच्या मागल्या सालचा गुलाबी. बघता बघता भिंत देवी येऊन गेलेल्या माणसासारखी दिसू लागली. तेलाच्या गोलावर मात्र कागद नीट चिकटलाच नव्हता, त्यामुळे तो होता तसाच, गुळगुळीत आणि मजेत.

"आता अण्णा आपल्याला ठेवत नाहीत," सुरेंद्र म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आणि ती बाई तर उंबऱ्यातूनच परत जाईल."

"चुना आणू का?"

"चुन्याचं दुकान गुरुवारी बंद. पांढरं काहीतरी पाहिजे, पांढरं!"

घरात पांढरं म्हणून एकच वस्तू होती, दंतमंजन. सुरेंद्रनं अख्खा डबा वाटीत ओतला, पाणी घातलं आणि बोटानं एकेक शंकरपाळा भरून काढला. ओलं होतं तोवर सगळं ठीक होतं. वाळल्यावर लक्षात आलं, की भिंत पिवळट आणि शंकरपाळे लख्ख. मघाशी जे नीट बघितल्यावर दिसत होतं, ते आता रस्त्यावरून दिसलं असतं. शिवाय खोलीभर लवंग आणि पेपरमिंटचा असा घमघमाट सुटला, की शिंका येऊ लागल्या.

सुरेंद्र भातावर झाकण घालायचं विसरून खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खोली दहा पावलांची, त्यामुळे चालण्यापेक्षा वळणंच जास्त होत होती. भीमराजला ते बघवेना. त्यानं आपली ट्रंक उघडली आणि खालून कागदात गुंडाळलेलं एक लुगडं काढलं. हिरवंगार, लाल काठाचं, नवं कोरं नऊवारी.

"मायसाठी घेतलंय. दिवाळीला न्यायचंय. हे लाव भिंतीला."

"भिंतीला लुगडं?"

"नऊ वार हाय. अशा दोन भिंती झाकतील. फकत डाग पडू दिऊ नको, न्हाईतर माय मला दारात उभा करायची न्हाई."

दोरी बांधायला एका बाजूला खिडकीचा गज मिळाला. दुसऱ्या बाजूला खिळा नाही, खुंटी नाही. राहता राहिली दाराच्या फळीवरची कडी. तिथं दोरी बांधली. आता दार अर्धवट उघडं असलं तरच दोरी ताठ राहायची. दार लावलं की लुगडं जमिनीवर बसायचं, दार पूर्ण उघडलं की दोरी तुटायला यायची. म्हणून सुरेंद्रनं दार नेमकं अर्ध्यावर आणलं आणि पाण्याची भरलेली बादली त्याला टेकवून ठेवली. लुगड्याला चिमटे लावले. खाली काठ मात्र सारखा फुगत होता, म्हणून भीमराज लुगड्यामागं शिरला आणि आतून तो सारखा करू लागला.

नेमकी त्याच वेळी चिमाजीअण्णांची बायको गिरजाबाई दुधाची कासंडी घेऊन दारावरून चालली होती. बाहेर भीमराजची पँट वाळत होती. दार अर्धं उघडं होतं. आतून भलताच सुगंध येत होता. समोर हिरवंगार लुगडं, त्याच्या काठाखाली दोन पावलं, आणि सुरेंद्रचा कासावीस आवाज.

"पदर नीट घे ना जरा! पाय दिसतायत. पाहुणे यायची वेळ झाली, त्यांनी असं बघितलं तर माझं लग्न मोडेल!"

गिरजाबाईच्या हातातली कासंडी हिंदकळली. ती तशीच माघारी पळाली.

"अवो, ऐकलं का! त्या सुरेंदरच्या खोलीत बाई हाय!"

"बाई?" अण्णा बाजेवरून उठले. "कुनाची?"

"ते मला काय ठावं! नवं लुगडं नेसलीया. अत्तर लावलंय. आन् त्यो तिला लपिवतोय."

अण्णा मुंडासं बांधत निघाले, तो फाटकाशीच तिघंजण उभे. पुढं चारुलतेचे वडील, जाड चष्म्याचे शरच्चंद्रराव, मागं तिची आई वासंतीबाई आणि शेवटी चारुलता. बस लवकर मिळाली म्हणून ही मंडळी अर्धा तास आधीच आली होती.

"सुरेंद्र इथंच राहतात ना?" शरच्चंद्ररावांनी विचारलं.

"तुमी कोन म्हनायचे?"

"आम्ही मुलीकडचे."

"मुलीकडचे?" गिरजाबाईनं पदर तोंडाला लावला. "आन् मग आत हाय ती कुनाकडची?"

वासंतीबाई जागच्या जागी थांबल्या. "आत कोण आहे?"

"चला," अण्णा म्हणाले, "डोळ्यानं बगा. म्या कायबी बोलत न्हाई."

पाच माणसं दारात आलेली बघून सुरेंद्र इतका दचकला, की त्यानं नमस्कार करायला हात जोडले ते तसेच राहिले. आत भीमराजला आवाज कळले. अंगात बनियन, कमरेला पंचा. अशा अवतारात पाहुण्यांसमोर यायचं कसं, म्हणून त्यानं लुगड्यामागं श्वास रोखून धरला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला.

"या, या. म्हणजे... तिथनंच या. दार ढकलू नका."

"का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"ते तेवढंच उघडतं."

वासंतीबाई अंग चोरून आत आल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती हिरव्या लुगड्यावर थांबली आणि मग हळूहळू खाली गेली. काठाखाली दहा बोटं होती. त्यातला एक अंगठा मधूनच हलत होता.

"सुरेंद्र," त्या जपून शब्द उच्चारत म्हणाल्या, "ह्याच्या मागं काय आहे?"

"भिंत," सुरेंद्र म्हणाला.

"भिंतीला पाय असतात?"

 सुरेंद्रचा पाय हलायला लागला, आणि लुगड्याखालचा अंगठा मात्र थांबला.  पेपरमिंटचा वास तेवढा दरवळत होता. मग लुगड्यातून एक दणदणीत शिंक आली.

"बाप्याची शिंक हाय ही!" गिरजाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा पडला.

"बाजूला व्हा!" अण्णांनी दाराला खांदा दिला. बादली आडवी झाली, दोरीनं एक हिसका खाल्ला आणि तुटली. लुगडं सावकाश, घड्या घालत भीमराजच्या डोक्यावर उतरलं. त्याला आधी फक्त मायच्या लुगड्याची काळजी. त्यानं खाली वाहणाऱ्या पाण्यापासून वाचवायला ते दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं आणि डोक्यावर पदर घेतलेला, मिशीवाला भीमराज सगळ्यांसमोर उभा राहिला.

"रामराम," तो म्हणाला.

वासंतीबाईंनी सुस्कारा टाकला. शरच्चंद्ररावांनी चष्मा काढून पुसला. अण्णांना मात्र भीमराज दिसलाच नाही. ते त्याच्या मागं बघत होते.

"माजी भित!" ते ओरडले. "आरं, काय केलंस रं हे? खिळा नगं म्हनलं, तर आख्खी सोलून काडली?"

सुरेंद्रला आता काही लपवायचं राहिलंच नव्हतं. गंमत म्हणजे त्याचा पाय हलायचा थांबला. त्यानं सरळ सांगून टाकलं. तेलाचा गोल, घोटीव कागद, खळ, पापुद्रे, सगळं. सांगताना तो वासंतीबाईंकडे बघत होता, पण बोलत होता चारुलतेशी.

"तुमच्या घरच्यांना खोली बरी दिसावी, एवढंच मनात होतं," तो शेवटी म्हणाला. "ती होती त्याहून वाईट झाली. अण्णा, मी चुना मारून देतो. पुढं ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

चारुलता पाण्यातून वाट काढत भिंतीपाशी गेली. शाळेत बालवर्गाच्या भिंती दर महिन्याला तीच सजवायची. तिनं एका लख्ख शंकरपाळ्यावरून बोट फिरवलं.

"कागदाला सगळीकडून खळ लावलीत?"

"हो."

"नुसती टोकांना लावायची. आणि हे पांढरं काय?" तिनं बोट नाकाशी नेलं. तिचे डोळे मोठे झाले. "हे... हे तर..."

"दंतमंजन," सुरेंद्रनं मान खाली घातली.

चारुलतेनं ओठ घट्ट मिटून धरले. पण ते फार वेळ मिटले राहिले नाहीत. ती हसली ती भिंतीला हात टेकवूनच, आणि आईनं दोनदा "चारू!" म्हटलं तरी थांबेना. तिचं बघून भीमराज पदरात हसला, आणि गिरजाबाईलाही राहवलं नाही.

"सगळं दोघांनीच केलंत?" डोळे पुसत चारुलतेनं विचारलं.

"हो."

"पुढच्या वेळी मला बोलवा."

 वासंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुरेंद्रनं ह्या भेटीसाठी आठवडाभर उत्तरं पाठ केली होती. पगार, बढती, गावाकडचं घर, सगळ्याची. ह्याचं उत्तर त्यात नव्हतं. त्याला एवढंच सुचलं, "मालकांना विचारावं लागेल."

चिमाजीअण्णांनी कपाळावर हात मारला. "मला काय इचारतुयास, खुळ्या? तिच्या बापाला इचार की!"

शरच्चंद्ररावांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग ते भीमराजकडे वळले.

"अहो, तुम्ही तेवढं लुगडं सोडून पँट घाला," ते म्हणाले, "आणि भोसरीत ह्या वेळी पेढे कुठं मिळतील, ते सांगा."