खिडकीची जहागीर व काळमुखाची मोहीम

सकल मंडळी, पहिल्या पाळीची, दुसऱ्या पाळीची, तैसीच नाइट करून डोळे तांबडे केलेली, या सर्वांस जय भीम, रामराम, ज्यास जे रुचेल ते. थोरांच्या लढाया थोरांनी लिहून ठेविल्या. ही लिहावयास कोणी शाहाणा धजेना, सबब येथे लिहिली जात आहे. लढवय्या सुमार होता हे आधीच सांगून ठेवितो, मागाहून तक्रार चालणार नाही.

मौजे संत तुकाराम नगर येथे अखंड-ओव्हरटाइम-अलंकृत राजमान्य राजश्री धम्मपालराव, महाळुंग्याच्या एका कंपनीतील पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे ऑपरेटर, मातोश्री शालनबाई व भगिनी आम्रपाली यांसह राहात असत. रावांचे पदरी किल्ला नाही, हत्ती नाही, एक जहागीर मात्र होती. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरामागील तिसरे बाकडे, सावलीची बाजू, खिडकी. बहुत वर्षे मागच्या चाकावरील बाकड्यावर हाडे खिळखिळी करून घेतली, मग जुना जहागीरदार कंपनी सोडून गेला, तेव्हा ती हाती आली. काचेस कपाळ टेकावे, आणि भोसरी कधी गेली, मोशी कधी गेली, चाकणच्या ट्रॅफिकात किती वेळ सडलो, याची दाद नसावी, ऐसे सुख. सगळ्या बसचा डोळा त्या खिडकीवर.

ऐशी दौलत असता माणसाने गप्प राहावे. परंतु रावांस जिव्हा होती. त्यांनी जपानी तलवारबहाद्दरांचा एक व्हिडिओ गेम आणिला होता, त्यात पुलावर एक काळ्या मुखवट्याचा सरदार उभा असे. त्याचे जपानी नाव कोणाच्या तोंडी बसेना, म्हणून चहाच्या टपरीवर त्यास काळमुख म्हणत. एके दिवशी टपरीवर कोणी विचारिले नसता राव वदले की, येत्या गुरुवारी सुट्टीस काळमुख कापतो, न कापला तर खिडकी सोडिली. हे ऐकून जालन्याकडील बंटी, फोर्कलिफ्टवाला, बसमध्ये रावांचे शेजारी बसणारा, चहा खाली ठेवून म्हणाला, "ऐकलं ना सगळ्यांनी? मग मी येतो बघायला." करार जाहला. रावांनी मिशी पिळली. मिशी तरी कुठली, चार केस.

गुरुवार उजाडला. कारखान्यांस सुट्टी म्हणून राव खूश, आणि गुरुवारीच वीजवाले दुरुस्ती काढितात हे साऱ्या पिंपरीस ठाऊक असता रावांस नेमके आठवले नाही. सकाळीच लाईट गेली. फौज सज्ज, रणांगण काळोखे. राव पंख्याकडे पाहात घाम पुसत बसले, आणि बंटी सोफ्यावर पाय पसरून शालनबाईंच्या हातचे पोहे दोनदा घेऊन बसला. दुपार कलता लाईट आली, तोच मातोश्रींचे फर्मान सुटले की, "धम्मा, सहाला माझी सिरियल हाय. त्याच्या आत मरायचं तर मर, जिंकायचं तर जिंक."

मग लढाईस तोंड लागले. या खेळाचा कायदा ऐसा की, डाव्या बोटाचे बटण दाबिता वार अडविला जातो, उजव्याचे दाबिता वार होतो. राव पुलावर चालून गेले, काळमुखाने तलवार उपसली, रावांनी दात चावून बटण दाबिले, आणि त्यांच्या शूराने तलवार म्यान करून कमरेत वाकून नमस्कार घातला. काळमुखाने त्याच नमस्कारात मान उडविली.

पुन्हा गेले, पुन्हा नमस्कार. मग रावांनी कारणांचा सरंजाम बाहेर काढिला की, खेळाचा रिमोट घसरतो, टीव्ही जुना, मातोश्रींच्या फोडणीचा धूर डोळ्यांत जातो, बंटीची सावली पडते. सावली हलविली, फोडणी आटोपली, तरी मुंडके पडतच राहिले.

बंटी म्हणाला, "पाया पडायलास का रे भावा त्याच्या? आशीर्वाद काय देईना झालाय त्यो."

रावांच्या डोळ्यांपुढे मागचे चाक, गचके, आणि आपल्या खिडकीशी बंटीचे उघडे तोंड दिसू लागले.

इतक्यात आम्रपाली पिंपळे सौदागरच्या दवाखान्यातील कारकुनी आटोपून घरी आली, आणि चपला काढिता काढिता तिने विचारिले की, "दादा, दोन्ही बटणं एकदम का दाबतोस?"

"कुठं दाबतो?"

"आत्ता दाबलीस की."

यावर बंटी हसून हसून सोफ्यावरून घसरला आणि म्हणाला, "अगं ताई, प्रेस चालवायलाय तुझा दादा."

खरेच होते. कंपनीतील प्रेस, ऑपरेटरचा हात शाबूत राहावा म्हणून, दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबिल्यावाचून खाली उतरतच नाही. वर्षानुवर्षे तेच करिता रावांची बोटे जोडीने चालू लागली होती. आणि या खेळात दोन्ही बटणे एकदम म्हणजे तलवार म्यान आणि नमस्कार. बंटीने हसण्याच्या भरात शत्रूस गुपित दिले, आणि हे त्यास पुष्कळ उशिरा कळले.

राव एकेक बोट दाबू गेले, पण डावे दबले की उजवे आपसूक दबे. मग मसलत होऊन ठरले की, रिमोटाचा डावा भाग रावांनी धरावा, उजवा आम्रपालीने. भाऊबहीण खांद्यास खांदा लावून बसली. रावांनी अडवावे, तिने मारावे. ती म्हणे "अडव", राव अडवीत. ती म्हणे "सरक, बावळट", राव सरकत. कंपनीत सुपरवायझरचे इतके निमूट त्यांनी कधी ऐकिले नव्हते. मातोश्री सिरियलीसाठी येऊन दारात उभ्या राहिल्या, काळमुखाने दोन्ही हातांनी तलवार उगारिली, रावांनी डोळे मिटून अडविले, आणि आम्रपालीने असा वार हाणिला की मुखवटा फुटून काळमुख पुलावरून नदीत गेला.

बंटी उठून म्हणाला, "हे चालणार नाही. दोघांनी मारला."

राव म्हणाले, "मोठ्या प्रेसवर दोन माणसं असतात का नसतात?"

"असतात."

"नग किती धरतात?"

"एकच," म्हणून बंटीने उरलेले पोहे डब्यात मागून घेऊन कूच केली. शालनबाईंनी रिमोट काढून घेतला.

शुक्रवारी पहिल्या पाळीस राव आपल्या खिडकीशी बसले. आता झोपावे, तर जवळ बंटी, मागे सारी बस, इतके श्रोते असता जिव्हा गप्प बसेना. मग राव काळमुखाचा वध सांगू लागले. त्यात डोळे मिटलेले नव्हते आणि आम्रपाली कोठेच नव्हती. भोसरी गेली, मोशी गेली, एकेकाच्या माना कलल्या, बंटी रावांच्याच खांद्यावर घोरू लागला. काच थंड होती, कपाळ कोणी टेकिले नाही. महाळुंग्यास गाडी लागली तेव्हा साऱ्या बसमध्ये एकटे धम्मपालराव जागे होते, आणि आपल्या कथेत नुकतेच पुलाच्या मध्यावर पोहोचले होते.

येणेप्रमाणे काळमुख आम्रपालीबाईंनी मारिला, लौकिक रावांचा जाहला, खिडकीची जहागीर कायम राहिली. फत्ते नोंदविली असे.