फाइल उघडेपर्यंत बाहेर

"हबीबभाईंनी आपली विद्या कुणाला दिली नाही. फाइल उघडायची वेळ आली, की गिऱ्हाइकाला सरळ रस्त्यावर काढायचे. कुणी पाहू नये म्हणून."

फोटोवाल्या हबीबभाईंच्या शोकसभेत एका तरुण छायाचित्रकाराने हे विधान केले आणि सभेने माना डोलावल्या. मी उभा राहून हरकत घेतली. मला खाली बसवण्यात आले. म्हणून लिहितो. जन्मभर भूमिती शिकवलेल्या माणसाला अफवा आणि सिद्धता यांतला फरक कळतो.

रस्त्यावर काढत, हे खरे. लातुरात शिकवणी वर्गांच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. इतरत्र अर्जाचा फोटो पाच मिनिटांत मिळे. हबीबभाई मात्र तेवढ्यासाठीही रॉ फाइल काढीत, म्हणजे न धुतलेल्या निगेटिव्हसारखी कच्ची. "कॅमेऱ्यानं शिजवून दिलेलं आपण खात न्हाई, गुरुजी." अडचण अशी, की कॅमेरा नवा आणि संगणकातले सॉफ्टवेअर जुनाट. नवी फाइल दिसली, की ते ओळखच नाकारी. मग ती आधी दुसऱ्या प्रोग्रॅममधून जुन्याला कळेल अशा रूपात बदलून घ्यावी लागे. नवे सॉफ्टवेअर घ्या म्हटले, की उत्तर ठरलेले: "त्याला माझ्या खोडी कुठं ठाऊक हायत?"

पडद्यावर रूपांतराची निळी पट्टी सरकू लागली, की हबीबभाई दारासमोरच्या कडुलिंबाकडे बोट करून ओरडत, "चला बाहर! लिंबाखाली! छत हाय वर!"

छत सगळ्याच दुकानांना असते. पण यांनी कपाट भिंतीला पट्ट्या मारून जखडले होते, दाराची कडी उपटून टाकली होती. ट्रक गेला, की बोलता बोलता ते उठून उभे राहत. यावर हसणाऱ्यांनी त्र्याण्णवचा भूकंप पाहिलेला नाही. जमिनीखालून गुरगुर आली, की माझाही हात आधी नातीकडे जातो.

एके दिवशी तिच्याच प्रवेश परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायला गेलो होतो. मुदत संध्याकाळी संपणार. फोटो चढला नाही, तर वर्ष वाया. स्टुडिओत आम्ही दोघे, शिवाय देवणीचे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. पट्टी सरकू लागली आणि आरोळी झाली.

"मी जागचा हलणार नाही," मी म्हणालो. "मला काय तुमची फोडणी चोरायची आहे?"

"गुरुजी, हात जोडतो. भांडण बाहर करा."

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी बाहेर आलो. पण अपमान गिळणे माझ्या स्वभावात नाही. लिंबाखाली देवणीकर म्हणाले, "कायतरी लपवून राहिलाय गडी." तेव्हा मलाही ते पटले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. हबीबभाईंना रंगेहाथ पकडायचे ठरवून मी वळसा घालून मागच्या दाराने आत शिरलो.

माझी चाहूल लागताच हबीबभाई किंचाळले. दंडाला धरून त्यांनी मला फरफटत रस्त्यावर आणले आणि तिथेच खाली बसले. नातीने पाणी दिले. ते पिऊन जमिनीकडे पाहत ते बोलू लागले.

भूकंपापूर्वी त्यांचा स्टुडिओ निलंग्याकडच्या एका खेड्यात, राहत्या घरातच होता. शमीम, त्यांची धाकटी बहीण, माहेरी आली होती. गणपती विसर्जनाच्या दिवशी ती सासरी निघाली. तिचा फोटो काढलेला, पण अजून ओला होता.

"म्या म्हणलं, थांब गं. फोटो वाळू दे, सकाळी घेऊनच जा." हबीबभाईंनी गुडघे छातीशी घेतले. "थांबली. म्या अंगणात निजलो, ती आत. पहाटं छत आलं."

त्यानंतर फोटोपायी कुणाला छपराखाली थांबवायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

नातीचा अर्ज वेळेत गेला. ही हकिकत मी सभेत सांगू लागलो, तेव्हा तो तरुण म्हणाला, "गुरुजी, ही त्यांनी रचलेली सबब असेल." ठीक. हबीबभाईंचा शब्द सोडून देऊ. मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच घेऊ.

गुपित राखणारा माणूस गुपितावर नजर ठेवून असतो. मी मागच्या दाराने आत शिरलो, तेव्हा संगणकाकडे हबीबभाईंची पाठ होती. उघड्या दारातून ते लिंबाखालची माणसे बोटाने मोजत होते. तीनपर्यंत येत आणि पुन्हा एकपासून सुरू करीत; कारण चौथा मी होतो.