बिननावाचा मिक्सर

गोकुळच्या घरचा मिक्सर जळाला, तो नेमका गावची जत्रा तोंडावर आलेली असताना. दाण्याचं कूट करता करता भांड्याखालून धूर निघाला, घरभर रबर जळाल्याचा वास सुटला आणि जयानं बटण बंद करेपर्यंत मिक्सर कायमचा गप्प झाला होता.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण. नणंदेकडची माणसं, जयाच्या माहेरची माणसं, आणि कोणाच्या तरी ओळखीनं येणारी वेगळीच. एवढ्यांचं वाटण पाट्यावर करायचं म्हणजे खांदे गेलेच.

"रोज मंचरला जाताच की," जया नवऱ्याला म्हणाली. "येताना एक मिक्सर घिऊन या."

गोकुळ मंचरला खताच्या दुकानात कामाला होता. त्यांच्या पेठ गावाहून मंचर काही लांब नाही. पण त्याचा स्वभाव भारी चौकस आणि त्यात मालकानं नुकताच त्याच्या हाती लॅपटॉप आणि नेटचं डोंगल दिलेलं. २००९ साल होतं. गावात नेटवर वस्तू मागवणारा अजून कोणी निघाला नव्हता.

"दुकानदार कशाला सांगंल मिक्सर वाईट हाय म्हणून?" गोकुळ म्हणाला. "त्याला खपवायचा आसतो. नेटवर कसं, ज्यांनी घेतला ती लोकं सवता लिहित्यात. रिव्ह्यू म्हणत्यात त्याला. बघून मागवू. घरपोच येतो."

घरात रेंज येत नव्हती. ती यायची ओट्याच्या रस्त्याकडच्या टोकाला, तेही डोंगल जरा वर धरलं तर. म्हणून गोकुळ संध्याकाळी तिथं बसला. शेजारी त्याची आई, साळुबाई, लसूण सोलत बसली. समोरच्या घरातली सारजाबाई चहाची कपबशी हातात घेऊन तिथंच येऊन टेकली.

पहिला मिक्सर दिसायला झकास होता. बऱ्याच लोकांनी त्याचं कौतुक केलं होतं. गोकुळनं ते वाचलंच नाही. "चांगलं लिहिणारी कंपनीचीच माणसं आसत्यात," असं म्हणून तो थेट खाली वाईटावर गेला.

"नागपूरची बाई हाय. म्हणती, झाकण उडालं आन् चटणी छताला लागली."

"आगं बाई!" साळुबाईच्या हातातला लसूण खाली पडला. "पोरंबाळं न्हवती ना जवळ?"

"ते नाय लिहिलं."

"मग ईचार की तिला."

"आसं ईचारता नाय येत, आई."

पहिला मिक्सर बाद झाला. दुसऱ्याखाली इंदूरच्या एका माणसानं लिहिलं होतं की मिक्सर पहिल्याच महिन्यात बंद पडला आणि कंपनी फोन उचलत नाही.

"त्याच्या बायकूचं काय हाल झालं आसंल," साळुबाई हळहळली.

"आवो, माझं ईचारा की कोणीतरी!" आतून वरवंट्याच्या आवाजातून जया ओरडली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर आणखी दोघीतिघी जमल्या. नागपूरच्या बाईचं पुढं काय झालं हे त्यांना ऐकायचं होतं. गोकुळलाही वाचायला चेव आला. कोणाच्या मिक्सरचं पातं तुटलं होतं, कोणाला शॉक बसला होता, सुरतेच्या एका सुनेनं तर सासूनं दिलेला मिक्सर वाईट निघाल्याचं इतकं सविस्तर लिहिलं होतं की सासवा एकीकडे आणि सुना दुसरीकडे अशी ओट्यावर वादावादी झाली. मिक्सर मात्र एकही पास होईना.

तिसऱ्या संध्याकाळी गोकुळनं एका निळ्या मिक्सरचं वाचलं, "चालू केला का जळका वास येतो. कधी पेट घेईल सांगता येत नाय."

सारजाबाईची कपबशी वाजली. "निळा? बाजूला पांढरी पट्टी हाय का?"

"हाय."

"आरं, माझाच की ह्यो!"

"काकू, तुमचा तर किती वर्सं झाली, झकास चालतोय," जया दारात येऊन म्हणाली.

"चालतोय खरा," सारजाबाई विचारात पडली. "पर आता म्हणताय तर, मारतो जरासा वास."

सारजाबाई घरी गेली, तिनं मिक्सर गोणपाटात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या घरातूनही वरवंट्याचा आवाज येऊ लागला. जयाची शेवटची आशाही गेली, कारण तिनं सगळं वाटण सारजाबाईच्या मिक्सरवर करायचं मनात ठरवलं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी गोकुळ कामावरून आला तर स्वयंपाकघरात घरघर चालली होती. नवा मिक्सर भाजलेलं खोबरं लोण्यासारखं वाटत होता.

"कुठून आणला?"

"मंचरवरून. जीपनं गेले न् आले."

"कंपनी कोणती?" गोकुळ वाकून बघू लागला. त्यानं मिक्सर पुढून पाहिला, मागून पाहिला, उचलून तळ पाहिला. जिथं जिथं नाव होतं तिथं तिथं सुरीनं खरवडलेलं होतं. "आगं, नाव कुठाय ह्याचं?"

"खरवडलं."

"आन् खोका?"

"चुलीत घातला."

"जया, आता ह्याचं रिव्ह्यू कसं बघायचं?"

"म्हणून तर खरवडलं," जया म्हणाली आणि तिनं बटण तीनवर नेलं.

गोकुळ हताश होऊन ओट्यावर गेला. आज वाचायला काहीच नव्हतं. जमलेल्या बायका थोडा वेळ थांबल्या आणि उठून गेल्या.

जत्रेचं जेवण दणक्यात झालं. वाटण बारीक, रस्सा दाट, वर तर्री अशी की बघूनच घाम यावा. पहिल्या पंगतीत गोकुळ आणि त्याच्या बहिणीचा नवरा, लोणीचे जानकूदाजी, शेजारीशेजारी बसले होते. गोकुळनं पहिली वाटी तोंडाला लावली ती खालीच ठेवली नाही. दुसरीही तशीच संपवली. "लई भारी झालाय," असं तो दोनदा म्हणाला आणि त्यानं तिसऱ्यांदा वाटी पुढं केली.

जयानं पळी बुडवली, तेवढ्यात दाजींनी नाक पुसलं आणि म्हणाले, "रस्सा जरा तिखट झालाय, राव."

गोकुळचा हात जागच्या जागी थांबला. त्यानं वाटीकडं पाहिलं, दाजींच्या लाल नाकाकडं पाहिलं आणि वाटी हळूच मागं घेतली.

"काय झालं?" जयानं विचारलं. "नको?"

"दाजी म्हणत्यात तिखट हाय."

"आवो, आत्ता दोन वाट्या वरपल्या की तुमी!"

"वरपल्या," गोकुळ कबूल झाला. "पण तवा मला म्हाईत न्हवतं."

जयाची पळी हवेत तशीच राहिली. तेवढ्यात दाजींनी आपली वाटी तिच्यापुढं सरकवली.

"वहिनी, मला वाढा की. तर्री जरा जास्त येऊ द्या."

जयानं दाजींची वाटी काठोकाठ भरली आणि गोकुळच्या भातावर ताक ओतून ती पुढच्या पानाकडं गेली.